मागचा पाय आधी

विठू गोताड रत्नागिरीच्या बंदरात उतरला, तो स्वतःच्या पायांनी नाही. बोटीवरून पडावात आणि पडावातून वाळूवर त्याला दोन खलाशांनी खांद्याला धरून आणलं. अकरा वर्षं तो मुंबईत महालक्ष्मीच्या बाजूला शर्यतीच्या घोड्यांच्या पागेत मोतद्दार होता. घोड्याला खरारा करायचा, दाणा-पाणी द्यायचं, लीद काढायची आणि सकाळ-संध्याकाळ लगाम धरून घोडा फिरवून आणायचा, हे त्याचं काम. जानेवारीत एक घोडी त्याच्या अंगावर पडली आणि उजव्या खुब्याचं हाड मोडलं. महिना-सव्वा महिना इस्पितळात ठेवून डॉक्टरांनी त्याच्या हातात एक काठी दिली. याहून जास्त काही होणार नाही, असं सांगून त्याला घरी पाठवलं. हे एकोणीसशे सत्तावीस साल.

हातखंब्याच्या खालच्या अंगाला, कातळ उतरून गेलं की त्याची वाडी होती. बारा-पंधरा घरं, सगळी कुणब्यांची. विठू दीड-दोन वर्षांतून एकदा यायचा. पावसाळ्यात घोडे पुण्याला न्यायचे, त्यामुळे गणपतीला त्याला कधी सुट्टी मिळाली नाही. शेती त्याची बायको मथुरा बघायची. बैलगाडीतून नवरा उतरला, काठी टेकत अंगणात आला, तेव्हा तिने आधी काठीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"पानी तापत ठेवलंय आंघोळीला," एवढंच ती म्हणाली.

पंधरा दिवसांनी शिमगा आला.

त्या वाडीच्या खेळ्यांत, म्हणजे शिमग्याला सोंगं घेऊन नाचणाऱ्या मंडळींत, एक घोडा होता. कामट्यांचा सांगाडा, त्यावर गोणपाट, घायपाताच्या वाखाची आयाळ आणि पांगाऱ्याच्या लाकडाचं कोरलेलं मुंडकं. सांगाड्याच्या आत दोन माणसं. पुढचा उभा राहून मुंडकं नाचवायचा, मागचा कमरेत वाकून पुढच्याची कंबर धरायचा. राजाच्या सोंगाबरोबर हा घोडा यायचा आणि अंगणभर उड्या मारायचा. मुंडकं महिपतच्या घरी माळ्यावर असायचं. महिपत गावकराच्या, गावच्या मानकऱ्याच्या, घरातला. पुढचे पाय होण्याचा मान त्याच्या आजापासून त्यांच्याकडे होता. मागचे पाय कुणीही व्हावं. त्या वर्षी बाबल्या होता.

भर दुपारी सहाणेवर, देवाची पालखी बसते त्या चौथऱ्यासमोर, खेळे नाचले. घोडा आला. महिपत आणि बाबल्या दोघे एकदम डावा पाय टाकत होते, एकदम उजवा, आणि मध्येच दोघे मिळून उडी मारत होते. बायकापोरं पोट धरधरून हसत होती. विठू कडेच्या पेळेवर, बसक्या दगडी कठड्यावर, बसून बघत होता. त्याला हसू येईना.

"ह्यो घोडा नाय," तो शेजारच्याला म्हणाला. "ह्यो बेडूक हाय."

तो हळूच बोलला, पण त्याच वेळी नेमका ढोल थांबला होता. महिपतने मुंडकं बाजूला केलं. घामाने त्याचा चेहरा निथळत होता.

"अकरा वर्सं लीद काढलीस म्हणून घोडा तुलाच कळतो व्हय? ये, दाखव चालून."

विठूने काठी घेतली, उठायला गेला आणि अर्ध्यावर पुन्हा खाली बसला. त्यावरही लोक हसले. मथुरा बायकांच्या घोळक्यात होती. ती तिथून निघून घरी गेली.

त्या वर्षीचा पावसाळा विठूने पडवीत काढला. लावणीला मथुरा जायची, गुडघाभर चिखलात दिवस काढून यायची आणि मग चूल पेटवायची. विठू इरली विणायचा, दोर वळायचा. महिपतचं बोलणं त्याच्या डोक्यातून जात नव्हतं. पण त्यातलं लागलं होतं ते वेगळंच. समजा, आपले पाय धड असते आणि आपण उठून उभे राहिलो असतो, तर काय दाखवलं असतं? घोड्याचा कुठला पाय कुठल्या पायामागून पडतो? अकरा वर्षं रोज दोन-दोन तास तो घोड्याच्या डाव्या खांद्याशी चालला होता. टापांचा आवाज त्याच्या अंगात भिनला होता. चालीत चार टापा, एकेक सुटी, सारख्या अंतराने. दुडकीत दोनच, कारण दोन-दोन पाय जोडीने पडतात. एवढं त्याला झोपेतही सांगता आलं असतं. पण चालीतल्या त्या चार टापांतली पहिली कुणाची आणि दुसरी कुणाची, हे काही केल्या आठवेना. तो जमिनीवर दोन्ही हातांची दोन-दोन बोटं ठेवायचा आणि घोडा चालवायचा. बोटं कशीही चालायची. प्रत्येक वेळी ते खरंच वाटायचं.

भात कापून झाल्यावर एक दिवस तो शेजाऱ्याच्या बैलगाडीत बसून हातखंब्याला गेला. रत्नागिरीकडचा रस्ता फुटतो तिथे दाऊदमियां टांगेवाला उभा असायचा. सर्व्हिस मोटारी सुरू झाल्यापासून त्याच्याकडे वेळच वेळ होता. घोडा म्हातारा, विटकरी रंगाचा, पण चाल अजून स्वच्छ होती.

विठू वडाखाली बसून दिवसभर त्या घोड्याच्या पायांकडे बघत राहिला. सांजेला दाऊदमियां त्याच्यासमोर येऊन उभा राहिला.

"काय हो, माझ्या घोड्याला काही झालंय का? सकाळपासून बघताय."

"घोड्याला काय नाय झालेलं. मलाच समजत नाय." विठूने काय ते सांगितलं.

दाऊदमियां हसला. "तीस वर्षं हाकतोय मी. मलाही नाही सांगता येणार." मग त्याने घोड्याकडे वळून बघितलं. "आयला, खरंच नाही सांगता येणार."

रस्त्यावरच्या तांबड्या धुळीत टापा उमटल्या होत्या. पण त्या वाचता येईनात, कारण मागच्या पायाची टाप पुढच्या पायाच्या टापेवरच पडली होती. चार पाय चालून गेले आणि खुणा दोनच. दुसऱ्या खेपेला विठूने मथुरेच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या नेल्या, एक हिरवी, एक तांबडी, एक पिवळी आणि एक धुवून पांढरी पडलेली. दाऊदमियांनी घोड्याच्या चारी पायांना त्या बांधू दिल्या.

"लग्नाला चाललाय म्हणून सांगतो कुणी विचारलं तर," तो म्हणाला आणि घोडा धरून सावकाश रस्त्याने चालवू लागला. वडापासून वळणापर्यंत आणि वळणापासून वडापर्यंत. विठू एकेका रंगाकडे बघत होता. आधी फक्त हिरवा. मग हिरव्यानंतर लगेच काय पडतं ते. बाराव्या की तेराव्या फेरीला त्याच्या तोंडून आवाज निघाला.

मागचा डावा पडतो. मग पुढचा डावा. मग मागचा उजवा. मग पुढचा उजवा. सुरुवात मागून होते. मागचा पाय पुढे येतो, पुढच्या पायाच्या अगदी टाचेला लागणार असं वाटतं आणि नेमका त्याच क्षणी पुढचा पाय उचलून जागा रिकामी करतो. पुढच्याला मागचा ढकलतोय असंच दिसायचं.

"मागचा आदी," विठू म्हणाला. "दाऊदमियां, मागचा आदी!"

दाऊदमियांनी खाली वाकून बघितलं, आणखी दोन फेऱ्या चालवल्या आणि मान हलवली. "तीस वर्षं," तो पुन्हा म्हणाला.

माघात खेळ्यांची जमवाजमव सुरू झाली तेव्हा बाबल्या मुंबईला गिरणीत लागला होता. मागचे पाय व्हायला कुणी तयार होईना. आत अंधार, दिवसभर वाकून राहायचं, पुढच्याचा घाम नाकाशी, आणि लोकांना आपण दिसतसुद्धा नाही. खेळ्यांचे म्होरके लवूबाबा नाईक घरोघर विचारून दमले होते. विठूच्या पडवीत ते सहज टेकले, तेव्हा विठू म्हणाला, "मी व्हतो."

लवूबाबांनी त्याच्या काठीकडे बघितलं.

"आत काठी लागत नाय," विठू म्हणाला. "पुढच्याची कंबर असते ना धरायला."

महिपतला कळलं तेव्हा तो लवूबाबांच्या घरी जाऊन ओरडला. लंगडा घोडा वाडीची अब्रू घालवील, म्हणाला. लवूबाबा म्हणाले, "दुसरा माणूस आण, मी ह्याला नको म्हणतो." दुसरा माणूस मिळाला नाही.

पहिल्या दिवशी कापलेल्या मळ्यात दोघे सांगाड्याशिवायच उभे राहिले. पुढे महिपत, मागे विठू.

"पाय मी आदी टाकणार," विठू म्हणाला. "माजा डावा पडला की अर्ध्या दमात तुजा डावा. मग माजा उजवा, मग तुजा."

महिपत वळला. "म्हंजे मी तुज्या मागून?"

"मागून नाय, पुडूनच. पण माज्या नंतर."

"मुंडकं माज्याकडं. मान माजा. माज्या बापाने, आज्याने पुडं चालून घोडा नाचवला. आनि आता मागचा पुडच्याला सांगणार, कदी पाय उचल म्हणून?"

"मी नाय सांगत. घोडाच तसा चालतो."

"तुजा चालत आसल मुंबईत." महिपतने खांद्यावरची घोंगडी उचलली आणि तो बांधावरून निघून गेला. विठूची काठी दूर झाडाला टेकवलेली होती. तिथपर्यंत तो बसून सरकत गेला.

घरी आल्यावर मथुरेने त्याच्या धोतराला लागलेली माती बघितली. काही झालं असणार हे तिला कळलं, आणि काय झालं तेही तिने काढून घेतलं. मग तिचा बांध फुटला.

"सालभर मी एकटी राबतंय. शेतात चार पावलं तुमास्नी येवत नाय, आनि घोड्यात नाचायला जाता? लोकांनी हसावं म्हणून? गेल्या शिमग्याला हसले ते कमी पडलं?"

विठू काठी टेकत अंगणात उतरला. मग तो म्हणाला, "मथुरा, जरा हतं ये. माज्या पुडं उभी राहा."

"कशाला?"

"राहा तर."

ती अंगणात त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. त्याने काठी टाकून दिली, वाकून दोन्ही हातांनी तिची कंबर धरली, आणि म्हणाला, "चल सावकाश." ती चालली. तोही चालला. तुळशीपर्यंत गेले, तिथून आंब्यापर्यंत. काठीविना, न पडता. तिने मान वळवून त्याच्या पायांकडे बघितलं. उजवा पाय ओढत होता, पण चालत होता. इस्पितळातून आल्यापासून तिने त्याला असं चालताना बघितलं नव्हतं.

"असंच खुब्याला बरं पडतं," तो म्हणाला. "वजन पुडं जातं."

 ती पुढे चालत राहिली. मग तो तिला सांगू लागला, पाय कसे टाकायचे ते. ती चुकायची, कारण मागचं तिला दिसत नव्हतं. त्याने तोंडाने "आता, आता" म्हणून बघितलं, तर तोवर वेळ निघून जायची.

"तोंडान नका सांगू," ती वैतागून म्हणाली. "ऐकून कळतंय तवर पाय खाली येतो. तुमचा डावा पडला की डावा हात दाबा. लावणीत बाजूच्या बाईचं ढोपर लागतं ना, तसं आपसूक कळंल."

त्याने डावा पाय टाकताना डावा हात दाबला. तिचा डावा पाय उचलला गेला. उजवा टाकताना उजवा हात. दहा-बारा पावलांत ते जमून गेलं. टप, टप, टप, टप. चार सुट्या टापा.  वाकलेल्या अवस्थेत विठूला तिच्या टाचा तेवढ्या दिसत होत्या, लावणीने भेगाळलेल्या. प्रत्येक वेळी त्याचं पाऊल त्या टाचेशी पोचायचं आणि टाच नेमकी उचलून पुढे जायची.

अंगणाच्या बेड्याशी, फाटकापाशी, महिपत उभा होता. किती वेळ ते कुणालाच ठाऊक नाही. आपण मागचा दुसरा माणूस आणतोय, तुझं काम नाही, असं सांगायला तो आला होता. भरदिवसा अंगणात नवरा बायकोची कंबर धरून चालतोय हे बघून त्याला आधी ओरडावंसं वाटलं, मग हसावंसं. पण त्याची नजर त्या दोघांच्या पायांवर गेली आणि तिथेच राहिली. पंधरा वर्षं तो घोड्याच्या आत होता. बाहेरून चार पाय चालताना त्याने कधी बघितलेच नव्हते.

मथुरेला तो दिसला. तिने झटकन पदर डोक्यावरून ओढला आणि बाजूला झाली. विठूचा तोल गेला, पण पडायच्या आत महिपत पुढे आला होता. तो त्याच्याकडे पाठ करून उभा राहिला.

"डावा पडला की डावा हात दाबणार मी," विठू त्याच्या पाठीला म्हणाला.

"ऐकलंय," महिपत म्हणाला. "चल."

त्यानंतर रोज दुपारी ते मळ्यात चालले. आधी नुसतेच, मग सांगाडा घालून. चाल आठ दिवसांत बसली. दुडकी त्याहून सोपी निघाली. मागच्याचा डावा आणि पुढच्याचा उजवा एकदम, मग उलट, म्हणजे दोघांनी एकाच वेळी वेगवेगळे पाय टाकायचे, झालं. भरधाव चाल सोडून द्यावी लागली. विठूच्या खुब्याला ती झेपली नसती. मुंडक्याचं काम महिपतने आपणहून बदललं. पूर्वी तो ते नुसतं इकडेतिकडे फेकायचा. आता विठूने सांगितलं, की चालताना घोड्याची मान प्रत्येक पावलाला थोडी खाली येते, थोडी वर जाते, तेव्हा महिपतने ते एका दिवसात असं उचललं, की लवूबाबा बघतच राहिले.

एक गोष्ट मात्र सुटेना. दर चार टापांत एकदा महिपतच्या कमरेवर ओझं यायचं.

"उजव्यावर भार देत नाय तू," तो गोणपाटाच्या अंधारात म्हणाला. "सगळा माज्यावर टाकतोस."

"दुखतं."

"घोडी पडली ती कशी? कुणाला सांगितलं नाहीस तू."

विठू वाकलेलाच होता. महिपतचं तोंड पुढे, त्याचं खाली जमिनीकडे. एकमेकांचे चेहरे दिसत नव्हते म्हणून असेल, पण तो बोलू लागला. तिचं इंग्रजी नाव कुणा मोतद्दाराला घेता यायचं नाही. ते तिला टिकली म्हणायचे, कपाळावर पांढरा ठिपका होता म्हणून. चार वर्षं ती त्याच्याकडे होती. त्या सकाळी पागेच्या आवारात फरसबंदी धुतलेली होती, ओली. बाहेर मोटारीचा भोंगा वाजला, ती बिचकली, मागच्या पायांवर उभी राहिली आणि ते निसटले. पडली ती त्याच्यावर. तिचा पुढचा पाय गुडघ्याखाली मोडला होता, हाड बाहेर आलं होतं. ती उठायला बघत होती आणि पुन्हा पडत होती. पुन्हा पडली की त्याच्या खुब्यावर. घोड्यांचे डॉक्टरसाहेब पिस्तूल घेऊन आले. त्यांनी आधी विठूला ओढून बाजूला करायला सांगितलं. तो म्हणाला, नको, मी लगाम धरतो, मी धरला तर ती गप राहील.

"राहिली?" महिपतने विचारलं.

"राहिली."

 मग महिपतने पाय जरा फाकवून रोवले आणि म्हणाला, "टाक मग भार. माजी कंबर काय मोडत नाय."

शिमगा आला. सहाणेवर पालखी बसली, उन्हं कलायच्या बेतात होती, राजाचं सोंग पुढे आणि त्याच्या हातातल्या लगामामागून घोडा आला. उडी मारत नाही, चालत. काही लोक सवयीने हसले आणि थांबले. विठूला आतून काहीच दिसत नव्हतं, महिपतच्या टाचा आणि तांबडी माती तेवढी दिसत होती. पण आवाज येत होते. ढोल होता, झांजा होत्या, आणि लोकांचा नेहमीचा कलकलाट नव्हता. घोडा वळला तेव्हा मागे बसलेली एक म्हातारी ओरडली, "सरा गो पोरींनो मागून, लाथ बसंल!" आणि त्या सगळ्या खरोखर सरकल्या. विठूला ते ऐकू आलं. त्या नादात तो एकदा हात दाबायचा विसरला.

"काय झालं?" महिपत कुजबुजला.

"काय नाय. चल."

मग खेळे घरोघर फिरू लागले आणि दुसऱ्याच दिवशी कुरकुर सुरू झाली. घोडा झकास झालाय, लोक म्हणत, पण मजा येत नाही. पोरं हसत नाहीत. एका अंगणात घरधन्याने सरळ सांगितलं, आमच्याकडे गेल्या सालचा बेडूकच नाचवा. लवूबाबा कोड्यात पडले होते. महिपत नुसता चिडला होता, आणि गंमत म्हणजे विठूपेक्षा जास्त.

"ह्यांना खरं नको," तो म्हणाला.

"तसं नाय," विठू म्हणाला. त्यालाही वाईट वाटलं होतं, पण त्याने त्यावर विचार केला होता. "सालभर राबून आलेली मानसं. त्यांना हसायचं हाय, त्यात चूक काय? आपन नुसतं चालतोय. खरा घोडा पन सारखा चालतच नाय काय."

म्हणून तिसऱ्या दिवशी घोडा एका अंगणात पितळी कळशी बघून अडला. पुढे जाईना. राजाने लगाम ओढला, तर घोडा मागे सरला. मागे सरताना पायांचा क्रम आपोआपच उलटा लागला आणि कुणी ठरवलं नसताना मागचा भाग एका बाजूला गेला, थेट घरधन्याच्या अंगावर. घरधनी ओट्यावर चढला. पोरं हसली, बायका हसल्या. कळशीवर सुपाने झाकलं तेव्हा कुठे घोडा हलला. लवूबाबा ढोलाच्या तालावर मान डोलवत होते.

त्याच दिवशी चौथ्या घरी विठूचा खुबा गेला. उजवा पाय एकदम पोकळ झाल्यासारखा खाली बसला आणि घोड्याची मागची बाजू मांडी घालून अंगणात टेकली. सांगाड्याच्या कामट्या करकरल्या. लोकांना वाटलं, हाही खेळातलाच भाग. ते बघत राहिले.

"महिपत," विठू आतून म्हणाला, "उठवत नाय."

महिपतने ढोलवाल्याला मुंडक्यानेच खूण केली. ढोल हळू झाला. मग त्याने मुंडकं वळवून मागच्या अंगाला लावलं, जसं घोडा आपली कूस हुंगतो, आणि तसाच राहिला. त्या आडोशाने त्याने विचारलं, "दुखतंय?"

"व्हय."

"सोंग उतरवूया?"

विठूने कमरेवरची पकड घट्ट केली. मग म्हणाला, "नको."

"मग सांग, बसलेला घोडा उठतो कसा? गुरासारका, ढुंगन आदी वर करून?"

"नाय. घोडा उलटा. पुडचे पाय आदी पुडं टाकतो, छाती उचलतो, मग मागचं येतं."

"म्हंजे हतं मी आदी."

"हतं तू आदी."

महिपतही खाली टेकला, घोडा पुरता बसला. मग त्याने एक पाय पुढे रोवला, दुसरा रोवला. विठूने त्याच्या कमरेला मिठी घातली, डावा पाय अंगाखाली घेतला आणि महिपत उठला, स्वतःसकट मागच्या माणसाला घेऊन. सांगाडा हेलकावला, एकदा मागे गेला, आणि उभा राहिला. घोड्याने अंग झाडलं, कारण महिपतचे खांदेच थरथरत होते. अंगणात कुणी टाळी वाजवली नाही. एक जण फक्त म्हणाला, "उठला." असं म्हणाला, जणू आपल्या गोठ्यातलं जनावर उठलंय.

घोडा चालत अंगणाबाहेर गेला. वळणावर, लोकांच्या नजरेआड, महिपतने सांगाडा उतरवला आणि विठूला पाठीवर घेऊन त्याच्या घरी आणून सोडलं.

मथुरेने उंडीचं तेल कोमट केलं आणि त्याच्या खुब्याला चोळायला बसली. ती अंगणात होती, तिने सगळं बघितलं होतं.

"उद्या जाणार हायसा?" तिने विचारलं.

"नको म्हनतेस?"

ती चोळत राहिली. "उद्या बामणवाडीची घरं हायत," ती म्हणाली. "चढ लय हाय. तवर काठीनं जावा. उगा महिपतच्या पाठीवर बसून नको."

तो धरून सहा शिमगे त्या दोघांनी घोडा चालवला. पुढे एकोणीसशे चौतीसला महिपतला दम लागू लागला आणि त्याने मुंडकं आपल्या धाकट्या भावाकडे दिलं. विठू मागेच राहिला. नवीन पुढच्याला पहिल्या दिवशी मळ्यात उभं केलं, तेव्हा महिपत बांधावर बसून बघत होता. भाऊ घाईघाईने आपला पाय आधी टाकायचा. महिपतने दोन-तीनदा बघितलं, मग उठून मळ्यात गेला आणि भावाच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून त्याला जागीच धरलं.

"थांब," तो म्हणाला. "कंबर ढिली सोड. पाय आपसूक उचलंल."